जुनी राजदूत ३५० घेण्याआधी डावं-उजवं जुळवून बघा

धुळ्यात माझं लेथ आणि बोअरिंगचं वर्कशॉप आहे. पंप, ट्रॅक्टर, टेम्पो यांची इंजिनं हे रोजचं काम. पण जळगाव, शिरपूर, शहादा, चाळीसगाव इकडून पोरं राजदूत ३५० या जुन्या मोटारसायकलचे ब्लॉकही (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) घेऊन येतात, आणि बहुतेक जण गाडी विकत घेऊन झाल्यावर येतात. ब्लॉक टेबलावर ठेवून बोअर (सिलिंडरच्या आतल्या भोकाचा व्यास) मोजणारा गेज आत सोडला की गाडीची खरी हकिगत कळते. तीच हकिगत पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या अंगणात, साध्या हत्यारांनी बरीचशी कळू शकते. ती कशी, ते लिहितोय.

आधी गाडीबद्दल थोडं. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सने १९८३ पासून आपल्याकडे राजदूत ३५० या नावाने बनवली. जपानात हे मॉडेल त्याआधीच बंद झालं होतं. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ३४७ सीसी, ६४ मिलिमीटर बोअर, ५४ मिलिमीटर स्ट्रोक, सहा गिअर. सुरुवातीची हाय टॉर्क ३०.५ अश्वशक्तीची, नंतरची लो टॉर्क २७ ची. येझदी रोडकिंगला दोन सायलेन्सर असतात म्हणून कुणी तिला ‘डबल सिलिंडर’ म्हणून दाखवत असेल तर फसू नका. तिचा सिलिंडर एकच, धूर बाहेर पडायच्या वाटा दोन. गाडी म्हणून ती उत्तम, पण पुढं जे सांगतोय ते तिला लागू नाही.

राजदूत ३५० म्हणजे एका केसमध्ये (इंजिनाच्या खालच्या धातूच्या पेटीत) शेजारी-शेजारी बसवलेली दोन इंजिनं. दोन्ही बाजूंना आपापला ब्लॉक, आपापलं हेड, कार्बोरेटर, रीड व्हॉल्व्ह, पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा), कंडेन्सर, कॉइल आणि सायलेन्सर. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), क्लच आणि गिअरबॉक्स तेवढे सामाईक. घेणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. जवळ कंपनीचं पुस्तक नसलं, आकडे पाठ नसले, तरी तुलना करायला दुसरा सिलिंडर शेजारीच असतो. जोडीतला एक बैल अंग चोरत असला तरी नांगर चालतोच, पण तास वाकडं जातं, इथंही तसंच. एक सिलिंडर अर्धमेला असला तरी ही गाडी सुरू होते, गल्लीत दोन चकरा मारते आणि नवख्याला जोरातच वाटते. म्हणून जे काही बघाल ते दोन्ही बाजूंचं बघा आणि लगेच एकमेकांशी ताडून पाहा. दोन्हीकडे सारखी झीज असेल तर तो वयाचा परिणाम आहे, त्यावर काम करता येतं. एकीकडेच काही वेगळं दिसलं तर कारण सापडेपर्यंत भावाची बोलणी सुरू करू नका.

सोबत न्यायचं सामान फार नाही: प्लगपाना, दोन नवे प्लग, सिलिंडरमधला दाब मोजणारं १४ मिलिमीटर आट्यांचं कॉम्प्रेशन गेज, बारीक तोंडाची बॅटरी, थोडे पाने, पांढरं फडकं, लोहचुंबकाचा तुकडा, पेन्सिल आणि पातळ कागद. गेज उसनं मिळालं तरी चालेल, पण ते स्वतःच्या हाताने लावायचं.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोनवर सांगा, ‘दादा, मी येईपर्यंत गाडीला किक मारू नका.’ टू-स्ट्रोकचे अर्धे दोष थंड इंजिनातच उघडे पडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीचा ब्लॉक न चालवताही चटका देतो. त्यामुळे नुसता ब्लॉकला हात लावून कळत नाही. एक हात ब्लॉकवर, एक चासीच्या पाइपावर ठेवायचा. ब्लॉक चासीपेक्षा गरम असेल तर गाडी नुकतीच चालवली आहे. मग चहा घ्या, कागदपत्रं बघा आणि ती निवेपर्यंत थांबा. त्यापेक्षा पहाटेच जाणं बरं.

कागदांपासूनच सुरुवात करा, कारण इंजिन दुरुस्त होतं, कागद बहुतेक वेळा होत नाहीत. या गाड्या ३५-४० वर्षांच्या आहेत. जुलै १९८९ च्या आधीची असेल तर तिचा नंबर एमएच-१८ किंवा एमएच-१९ असा नसून जुन्या तीन अक्षरी मालिकेतला असायला हवा. आरसी बुकातला चासी नंबर हँडलखाली चासीच्या गळ्यावर आणि इंजिन नंबर केसवर स्वतः वाचा. कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तशी प्रिंट काढा. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट प्रिंटमध्ये दिसते: अक्षरं वरखाली, एखादा आकडा जास्त खोल, खाली जुन्या आकड्याची सावली. तसं असेल तर गाडी कितीही देखणी असो, तिथूनच परत फिरायचं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. बऱ्याच गाड्यांचं हे काम मधेच थांबलेलं असतं. तो खर्च किमतीतून वजा करायचा. आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय का बघा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो. मालक वारलेले असतील आणि नातू गाडी विकत असेल, तर आधी वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायला सांगा, त्याचा फॉर्म ३१. नेहमीच्या विक्रीला २९ आणि ३० लागतात. आपला खान्देश दोन राज्यांना चिकटलेला. बऱ्हाणपूर, सेंधवा, सुरतेकडच्या गाड्या इकडे खूप येतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, आणि ती विकणाऱ्यानेच आणून द्यायची असं ठरवून घ्या. गाडीची माहिती सरकारच्या वाहन प्रणालीत चढलेली आहे का तेही मोबाइलवर बघून घ्या. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाल्यापासून याचं महत्त्व वाढलंय. आणि कुणी ‘व्हिंटेज गाडी आहे, कागदाची गरज नाही’ म्हणत असेल तर ते खोटं आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेलीच गाडी व्हिंटेज, आणि तिलाही नोंदणी लागते.

आता इंजिन. किक मारायची नाही अजून. दोन्ही प्लग काढा आणि फडक्यावर डावा डावीकडे, उजवा उजवीकडे ठेवा. दोन्ही तपकिरी, कॉफीसारखे कोरडे असतील तर उत्तम. दोन्ही काळे-ओले असतील तर कार्बोरेटरचं काम आहे, घाबरायचं कारण नाही. डावा पांढरा पडलेला आणि उजवा ठीक, किंवा उजवा तेलकट आणि डावा ठीक, असं असेल तर खुणेची गोष्ट लक्षात ठेवा. त्याचं कारण पुढं सांगतो. दोन्ही प्लग कोरे करकरीत असतील तर जुने कुठे आहेत ते विचारा. जुने प्लग पाहिल्याशिवाय ती बाजू कळणार नाही.

यानंतरचं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती तिथंच मिळते. पुढचे नट सोडून दोन्ही सायलेन्सरचे पाइप ब्लॉकपासून मोकळे करा. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचं भोक थेट बोअरच्या भिंतीत उघडतं. त्यात बॅटरी धरून हळूहळू किक दाबली की पिस्टन समोरून वर-खाली जाताना दिसतो, त्याचा स्कर्टही (खालचा घेर) आणि रिंगाही. स्कर्टवर उभे बारीक ओरखडे दोन्हीकडे सारखे असतील तर ते या वयाला धरून आहे. पण ॲल्युमिनियम घासून पसरल्यामुळे चमकलेला पट्टा दिसला, किंवा रिंग खाचेतच चिकटून बसली असेल, तर त्या बाजूने कधीतरी इंजिन जाम झालेलं आहे. नुसता घासकागद मारून तोच पिस्टन परत बसवलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. भोकाच्या कडाही बघा. कडेला कानसीचे ओबडधोबड घाव दिसले तर कुणीतरी जोर वाढवायला पोर्ट (ही भोकं) घासलेत. लो टॉर्कची हाय टॉर्क करून विकण्यासाठी हे होतं. पोर्ट घासणं हे मोजमापाने केलं तर वाईट नाही, पण एका ब्लॉकचं भोक दुसऱ्यापेक्षा उंच असेल तर त्या इंजिनात दोन्ही बाजू कधीच एकसारख्या ओढणार नाहीत, आणि घासून काढलेलं लोखंड परत येत नाही. पाइप उघडायला विकणारा तयार नसेल तर मी ती गाडी घेऊ नका असंच सांगतो.

बोअरबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, रोज तेच हातात असतं म्हणून. नव्या गाडीचा बोअर ६४ मिलिमीटर. झिजला की पाव मिलिमीटरने वाढवून मोठा पिस्टन बसवतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटी १.००. त्या पुढे लायनरमध्ये (ब्लॉकच्या आतल्या लोखंडी नळीत) लोखंड उरत नाही, नवी नळी म्हणजे स्लीव्ह ठोकावी लागते. पिस्टनच्या डोक्यावर त्याचं माप छापलेलं असतं. प्लगच्या भोकातून बॅटरी मारून, कार्बन कमी असेल तर ते वाचताही येतं. विकणाऱ्याला सरळ विचारा, ‘सध्या कितीचा पिस्टन आहे?’ नीट ठेवलेल्या गाडीचा माणूस पटकन सांगतो. ‘इंजिन उघाडेलच नही, भाऊ’ हे उत्तर इतक्या जुन्या टू-स्ट्रोकच्या बाबतीत मानण्यासारखं नाही. एका बाजूला ०.२५ आणि दुसऱ्या बाजूला ०.७५ असा पिस्टन असेल, तर एक सिलिंडर वेगळा जाम झालेला आहे आणि फक्त तेवढाच दुरुस्त केला आहे. चालायला ते चालतं, पण जाम का झालं होतं याचं उत्तर हवं. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी ठेवावी लागते. आपल्या उन्हाळ्यात ती थोडी जरी चुकली तरी महामार्गावर इंजिन पकडतं. एक मिलिमीटर पूर्ण झालेले दोन्ही ब्लॉक म्हणजे दोन स्लीव्ह, दोन पिस्टन आणि बोअरिंगचा खर्च, आणि तो गाडीच्या किमतीतूनच जायला हवा.

मग गेज लावा. दोन्ही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, काटा वर जायचा थांबेपर्यंत किक. एक बाजू झाली की दुसरी, तेवढ्याच जोमाने. नेमका आकडा हेडवर, उंचीवर, गेजवर अवलंबून असतो. मला दोघांतला फरक महत्त्वाचा वाटतो. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर कमी भरलेल्या बाजूच्या भोकात थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल सोडून परत मोजा. आकडा उडी मारून वर आला तर रिंगा किंवा बोअर गेलेत. जागेवरच राहिला तर हेड गॅस्केट किंवा फुटकं हेड शोधा. अंगठा लावून ‘दाब मस्त आहे’ म्हणणारे खूप भेटतील. अंगठ्याला वीस-तीस पीएसआयचा (दाबाचं एकक) फरक कळत नाही.

क्रँकची परीक्षा हाताने होते. डाव्या बाजूचं कव्हर काढलं की अल्टरनेटरचा रोटर आणि पॉइंट समोर येतात. प्लगच्या भोकातून पिस्टनवर पातळ लाकडी काडी टेकवा आणि पिस्टन वरच्या टोकापासून थोडा खाली असताना रोटर हाताने किंचित मागे-पुढे हलवा. रोटर फिरतोय आणि काडी हलायच्या आधी ‘टक’ असा मोकळेपणा जाणवतोय, तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलंय. दोन्ही बाजूंना करून बघा. या गाडीचा क्रँक प्रेस करून जोडलेला असतो. तो उघडणं, नवे रॉड घालून दाबणं आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सरळ करणं, हे चांगलं प्रेस आणि डायल गेज असलेल्या माणसाचंच काम. हातोड्याने ठोकून क्रँक सरळ केला असं कुणी अभिमानाने सांगत असेल तर ते ऐकून घ्या आणि किंमत तशी धरा.

आता किक मारा. प्लग परत बसवले, चोक ओढला, आणि सुरू झाल्यावर मागे जाऊन दोन्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. सुरुवातीला दोन्हीतून धूर येणारच, टू-स्ट्रोक आहे. गरम झाल्यावर तो सारखा कमी व्हायला हवा. मघाशी प्लगची जी खूण लक्षात ठेवायला सांगितली तिचं उत्तर इथं मिळतं. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. उजवा सील क्लचच्या तेलाच्या बाजूला आहे. तो गेला की इंजिन गिअरचं तेल आत ओढून जाळतं: फक्त उजव्या सायलेन्सरमधून दाट धूर, उजवा प्लग तेलकट, आणि गिअरबॉक्समधलं तेल गळती नसताना कमी होत जातं. डावा सील अल्टरनेटरकडे, कोरड्या बाजूला. तो गेला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, डावा प्लग पांढरा पडतो, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस वर लटकून राहते. उजवा सील त्रास देतो, डावा पिस्टन खातो. गाडी वर्षानुवर्षं केळीच्या शेडमध्ये उभी राहिली असेल तर दोन्ही सील कडक झालेलेच असणार. ते गृहीत धरा. सील स्वतः स्वस्त आहेत. वेळेवर बदलले तर.

त्यानंतर एका-एका सिलिंडरवर चालवून बघायचं. एका बाजूची प्लगकॅप काढा, पण तशीच लोंबकळत ठेवू नका. तिच्यात आपला नवा प्लग खोचून तो हेडच्या धातूला टेकवून ठेवा, नाहीतर झटका बसेल आणि कॉइलही जाईल. थोडी रेस देऊन दुसऱ्या सिलिंडरवर इंजिन चालतं का, किती चालतं ते ऐका. मग उलट करा. दोन्ही वेळचा आवाज आणि ताकद सारखी हवी. एका बाजूवर चालतं आणि दुसऱ्यावर बंद पडतं, तर आधी स्वस्त कारणं बघा: पॉइंट जळालेला, कंडेन्सर गेलेला, कार्बोरेटरचा जेट चोंदलेला. पॉइंट दोन असल्यामुळे टायमिंगही दोन वेळा लावावं लागतं. पिस्टन टोकाला पोचायच्या २ मिलिमीटर आधी ठिणगी, दोन्हीकडे. बरेच मेकॅनिक एक बाजू डायल गेजने लावतात आणि दुसरी नजरेने. नजरेने लावलेल्या बाजूचा पिस्टन आधी जातो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर मला ते आवडतं, फक्त मूळ पॉइंटप्लेट मागून घ्या.

ॲक्सिलरेटरची एक केबल पुढे दोन कार्बोरेटरना फुटते. एअर फिल्टरची बाजू मोकळी करून दोन्हींत बोट घाला आणि कुणाला तरी हळू ॲक्सिलरेटर द्यायला सांगा. दोन्ही स्लाइड (आत सरकणाऱ्या झडपा) एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एअरबॉक्समध्ये उंदराचं घरटं, कापसाचे बोळे सापडतात आपल्याकडे; तेही बघून घ्या. टाकीत बॅटरी मारून गंज बघा, बाहेरून चुंबक फिरवा. जिथं चुंबक चिकटत नाही तिथं पुट्टी आहे. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुने रबर पाइप, कॉकचे वायसर लवकर सुजतात, ते बदलायचेच आहेत असं समजा.

इंजिनाला आपोआप तेल पुरवणारा ऑटोल्यूब पंप जागेवर आहे का? आपल्याकडे बहुतेकांनी तो काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळायला सुरुवात केली. मिसळून चालवणं चुकीचं नाही, मात्र प्रमाण विकणाऱ्याला तोंडपाठ हवं. तो ‘अंदाजे टाकतो’ म्हणाला तर बोअर परत बघा. पंप चालू आहे असं सांगत असेल तर तेलाच्या टाकीत तेल आहे का आणि पाइपात हवेचा बुडबुडा आहे का ते तपासा.

गाडी चालवायला मिळाली तर गल्लीत फिरून परत येऊ नका. विकणाऱ्याला मागे बसवा आणि आग्रा रोडला लळिंगचा चढ, चाळीसगावकडे असाल तर कन्नड घाटाचा पायथा, असं काहीतरी जोर मागणारं गाठा. हेल्मेट घाला. डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचवर. इंजिन जड झाल्यासारखं वाटलं की क्षणात क्लच दाबायचा, कारण जाम झालेलं इंजिन मागचं चाक अडवतं. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला भार देऊन अचानक सोडा. गिअर निसटतो का बघा. साडेतीन-चार हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे ओढ स्पष्ट वाढली पाहिजे. पुढचा ड्रम ब्रेक या वेगाला मुळातच कमी पडतो, हे घेणाऱ्याने समजून घ्यावं आणि तशीच चालवावी. परत आल्यावर गाडी बंद करून थोडा वेळ तशीच गरम उभी ठेवा आणि मग किक मारा. गरम असताना सुरू न होणारी राजदूत खान्देशात वर्षातले निम्मे महिने निरुपयोगी आहे.

बाकीचं भरभर. पुढच्या चिमट्याला (फोर्क) तेल गळतंय का, हँडल मधोमध अडकतं का, मेन स्टँडवर मागचं चाक आडवं हलतं का (स्विंग आर्मचे बुश), चासीला नवं वेल्डिंग आहे का. डाव्या बाजूला पुढच्या स्प्रॉकेटपाशी (चेनच्या दातेरी चाकापाशी) मात्र वेळ द्या. चेन तुटून गोळा होते तेव्हा तिथली केस फुटते. ती वेल्डिंग करून, वर रंग मारून झाकलेली असते. रंग टवका निघेल इतका जाड वाटला तर नखाने खरवडून बघा.

भाव ठरवताना मी घेणाऱ्याला कागदावर दोन रकाने करायला सांगतो. पहिल्यात जे होऊ शकतं ते: सील, रिंगा, बोअर, वायरिंग, टायर, केबल, रबर. यातलं सगळं वाईट असलं तरी गाडी घेण्यासारखी असू शकते, फक्त बेरीज वजा करा. दुसऱ्यात संशयास्पद नंबर, अपुरे कागद, फुटलेली केस, कमीजास्त घासलेले पोर्ट. या रकान्यात एक ओळ जरी आली तरी हात जोडून निघायचं. सुट्या मिळणं अवघड अशा गोष्टी वेगळ्या मोजा: मूळ मीटर, साइड पॅनल, एअरबॉक्स, ऑटोल्यूब पंप, मूळ सायलेन्सर. चकचकीत क्रोम केलेल्या पण यातलं काहीच नसलेल्या गाडीपेक्षा, रंग उडालेली पण सगळं अंगावर असलेली गाडी मी घ्यायला सांगेन.

आणि पैसे मोजण्याआधी जुन्या सामानाची गोणी मागा. जवळजवळ प्रत्येक घरात माळ्यावर किंवा खळ्यात एक असतेच: काढलेले पिस्टन, जुने पॉइंट, जेट, एखादा फुटका ब्लॉक. तिच्यातले पिस्टन काढून त्यांच्या डोक्यावरचं माप वाचा आणि आता बसवलेल्या पिस्टनशी क्रम जुळवा. गोणी गाडीसोबत मिळत असेल तर तिचे वेगळे पैसे द्यायलाही हरकत नाही.